फॉरेस्ट निराळं, डिअर पार्क निराळा

इंग्लंडच्या जुन्या कागदांत ‘फॉरेस्ट’ दिसलं की आपण मनातल्या मनात झाडं उभी करतो, आणि ‘पार्क’ म्हटलं की बाकडी. मध्ययुगात दोन्हींचा अर्थ वेगळाच होता.

फॉरेस्ट म्हणजे राजाचा शिकारीचा कायदा लागू असलेला मुलूख. त्यात गावं असत, शेतं असत, दुसऱ्यांच्या मालकीच्या जमिनीही असत. डार्टमूरसारखं उघडंबोडकं माळरानसुद्धा फॉरेस्टच. कुंपण नाही, पण हरणाला हात लावायचा नाही. हरीण मारल्याबद्दल जीव किंवा अवयव गमवावा लागणार नाही, एवढी सवलत मिळायला 1217 ची फॉरेस्टची सनद यावी लागली.

पार्कात मात्र सगळा खेळ कुंपणाचा. आपला जुना ‘रमणा’ (शिकारीसाठी कुंपण घालून राखलेलं रान) हा शब्द इथे चपखल बसतो. मातीचा बांध, त्यावर ओकच्या फळ्या आणि खंदक आतल्या बाजूला. ही मेख लक्षात ठेवा: किल्ल्याचा खंदक शत्रूला बाहेर ठेवतो, इथला हरणाला आत. काही ठिकाणी तर अशी उतरण ठेवत, की बाहेरचं हरीण उडी मारून आत येईल, पण परत जाऊ शकणार नाही. आयती आवक! आत पाळत ती बहुधा चितळासारखी ठिपकेदार फॅलो हरणं.

सॉल्सबरीजवळच्या क्लॅरेंडनला दोन्ही होतं, म्हणून घोळ वाढतो. फॉरेस्ट होतं आणि प्रचंड मोठा पार्कही. पार्कातल्या शिकारी वाड्याचा पुढे राजवाडा झाला. राजा दुसऱ्या हेन्रीने 1164 मध्ये इथेच सभा भरवून कँटरबरीचा आर्चबिशप टॉमस बेकेटशी वाद ओढवून घेतला. तिसऱ्या हेन्रीने वाड्यावर हात सैल सोडून खर्च केला. तिथल्या नक्षीदार फरशा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. पंधराव्या शतकानंतर वाडा ओस पडला, आणि 1664 मध्ये दुसऱ्या चार्ल्सने ही जागा अल्बेमार्लच्या ड्यूकला देऊन टाकली. रमणा मोडून शेती आली.

आज तिथे दिसणारी दिमाखदार हवेली म्हणजे तो राजवाडा नव्हे. ती अठराव्या शतकात बाथर्स्ट घराण्याने दुसऱ्याच जागी बांधली. राजवाड्याचे अवशेष झाडीत आहेत, एक उंच भिंत तेवढी ठळक. फॉरेस्टची हद्द कागदांत शोधावी लागते. पार्कचा बांध मात्र अजून कितीतरी ठिकाणी पायाखाली लागतो.