बटणावर एक अक्षर, पडद्यावर भलतंच

कीबोर्डला अक्षरं कळत नाहीत. बटण दाबलं की तो संगणकाला फक्त एक क्रमांक पाठवतो: कोणत्या जागेवरचं बटण खाली गेलं, एवढाच निरोप. त्या जागेला कोणतं अक्षर द्यायचं हे ऑपरेटिंग सिस्टिममधला तक्ता, म्हणजे लेआउट, ठरवतो. बटणावर छापलेलं अक्षर आपल्या सोयीसाठी. संगणकाला ते दिसतही नाही.

परक्या कीबोर्डवर होणारी बहुतेक फजिती इथलीच. फ्रान्समधल्या नेहमीच्या मांडणीत, इंग्रजीच्या मानाने, ए आणि क्यूची अदलाबदल असते, तशीच झेड आणि डब्ल्यूची. आकड्यांसाठी शिफ्ट दाबावी लागते, कारण २ च्या बटणावर आधी तिरकी रेघवाला ई येतो आणि ९ च्या बटणावर शेपटीवाला सी. जर्मन मांडणीत वाय आणि झेड एकमेकांच्या जागी. खरा छळ होतो तो पासवर्ड टाकताना. पासवर्ड बरोबर, बोटं सवयीने बरोबर जागी, तरी संगणक नाकारतो, आणि ठिपक्यांआड चूक दिसत नाही. पुन्हा पुन्हा प्रयत्न करून खातं बंद पाडण्याआधी युजरनेमच्या रकान्यात ए, झेड, वाय आणि एखादा आकडा टाइप करून बघावा. कोणता तक्ता चालू आहे ते लगेच उघड होतं. विंडोजमध्ये एकाहून जास्त लेआउट बसवलेले असतील, तर विंडोजचं बटण धरून स्पेस दाबलं की ते बदलतात.

आता अक्षरावरच्या रेघा. त्यांची युक्ती टाइपरायटरच्या काळातली आहे. एरवी बटण दाबलं की ठसा उमटायचा आणि कागद एक घर सरकायचा. काही बटणं मात्र ठसा उमटवून कागद तिथेच ठेवायची. मग पुढचं अक्षर त्याच रेघेखाली बसायचं. अशा बटणाला ‘डेड की’ म्हणतात. संगणकाने ही रीत उचलली. ‘यूएस इंटरनॅशनल’ लेआउटमध्ये ॲपॉस्ट्रॉफी दाबला तर काहीच उमटत नाही, आणि बटण बिघडलं असं वाटतं. ते पुढच्या अक्षराची वाट बघत असतं: ई दाबला तर रेघवाला ई, स्पेस दाबला तर नुसता ॲपॉस्ट्रॉफी. लेआउट बदलायचा नसेल, तर विंडोजमध्ये ऑल्ट धरून उजवीकडच्या आकड्यांवर ०२३३ टाइप केलं तरी तोच ई मिळतो. फोनवर अक्षर दाबून धरायचं, की झालं.

पडद्यावर अक्षर आलं तरी काम संपत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक मानकात, हा ई दोन प्रकारे साठवता येतो: २३३ हा एकच क्रमांक, किंवा साधा ई आणि त्यामागून ७६९ क्रमांकाची सुटी रेघ. टाइपरायटरवर रेघ आधी यायची, इथे नंतर येते. दोन्ही रूपं दिसायला हुबेहूब सारखी, पण संगणक क्रमांक ताडून बघतो, म्हणून त्याच्या लेखी ती वेगळी. माणसाचं नाव एका रूपात नोंदलेलं आणि शोध दुसऱ्या रूपात, तर यादीत असलेला माणूस सापडत नाही. यावर उपाय आहे: ताडण्याआधी दोन्ही मजकूर एकाच रूपात आणायचे. या प्रक्रियेला ‘नॉर्मलायझेशन’ म्हणतात आणि तिचे नियम युनिकोडनेच ठरवून दिले आहेत. नावं साठवणाऱ्या प्रत्येक प्रणालीत ती असायलाच हवी. रेघ गाळून नाव ‘सोपं’ करून लिहा, असं त्या माणसालाच सांगणं हा उपाय नव्हे.