चेहरा नसलेलं दशक? एका जुन्या तक्रारीची पार्श्वभूमी

ऐंशीचं दशक म्हटलं की फुगवलेले केस, खांद्यात पॅड भरलेले कोट आणि सिंथेसायझर डोळ्यांपुढे येतात. नव्वदचं म्हटलं की चौकड्यांचे ढगळ शर्ट आणि ग्रंज हा खरखरीत रॉक. २०१०चं म्हटलं की मात्र माणूस अडखळतो. सुपरहिरोपट, सेल्फी, स्किनी जीन्स, मीम अशी यादी सांगता येते, पण तिचं एक चित्र काही होत नाही. मग ठरलेला निष्कर्ष निघतो: अलीकडच्या पॉप संस्कृतीला स्वतःची ओळखच उरलेली नाही, सगळा जुन्याचाच पुनर्वापर चालला आहे. ही तक्रार पूर्णपणे खोटी नाही. पण ती नवीनही नाही, आणि आधीच्या खेपेला ती कशी फसली हे आधी पाहायला हवं.

दशकाला स्वतःचा स्वभाव असतो ही कल्पना फार तर शंभर वर्षांची. अमेरिकेत १९२०च्या दशकात मागच्या पिढीच्या तरुणपणाला ‘आनंदी नव्वद’ म्हणायची टूम निघाली. ज्यांनी १८९०चं दशक काढलं होतं, त्यांनी ते जगत असताना स्वतःला असलं काही म्हणवून घेतलं नव्हतं. पुढे १९३१ मध्ये फ्रेडरिक लुईस ॲलन या पत्रकाराने नुकत्याच सरलेल्या विशीच्या दशकाचा इतिहास लिहिला. आखूड केस, जॅझ, चोरटी दारू, शेअर बाजाराची धुंदी हे आजचं ओळखीचं चित्र ठसवण्यात त्या पुस्तकाचा वाटा मोठा आहे. ॲलनचं नशीब असं की १९२९च्या मंदीने दशकाच्या शेवटी आयती रेघ मारून ठेवली होती. एवढी स्वच्छ रेघ नंतर फारशी कुणाच्या वाट्याला आली नाही. नंतर मात्र नियतकालिकांना ही सवयच जडली. दर दहा वर्षांनी एक नाव, एक मुखपृष्ठ, एक निदान. टॉम वुल्फ या अमेरिकन लेखकाने ऑगस्ट १९७६ मध्ये सत्तरच्या दशकाला ‘मी दशक’ म्हटलं, तेव्हा ते दशक संपायलाही साडेतीन वर्षं होती.

गंमत म्हणजे हेच सत्तरचं दशक तेव्हा बिनचेहऱ्याचं समजलं जात होतं. साठच्या दशकातली आंदोलनं ओसरली, त्यानंतर नुसती मरगळ आली, असा समज होता. पीटर कॅरल या इतिहासकाराचं सत्तरच्या दशकावरचं पुस्तक १९८२ मध्ये आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘काही घडलंच नाही असं वाटलं’ असा होता. डिस्कोची तर १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात जाहीर विटंबना झाली. दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. आज त्या दशकाला चेहरा नाही असं कुणी म्हणेल का? तो चेहरा आहे, आणि त्याच तबकड्यांचा आहे.

पुनर्वापराच्या आरोपाचंही तेच. १९६९च्या ऑगस्टमधला वुडस्टॉक महोत्सव म्हणजे साठच्या दशकाचं मूर्तिमंत प्रतीक. त्याच्या शेवटच्या सकाळी गिटारवादक जिमी हेंड्रिक्सच्या अगदी आधी मंचावर कोण होतं? ‘शा ना ना’ नावाचा गट. सोनेरी चमकदार कपडे घालून, केस तेलाने चापून, पन्नासच्या दशकातली गाणी म्हणत. म्हणजे साठचं दशक अजून संपलंही नव्हतं तोवर आधीच्या दशकाचं स्मरणरंजन दारात उभं होतं. पुढे १९७४ मध्ये पन्नासच्या दशकात घडणारी ‘हॅपी डेज’ मालिका सुरू झाली, १९७८ मध्ये ‘ग्रीस’ हा चित्रपट आला, आणि दोन्ही तुफान चालले. सत्तरच्या दशकाने आधीच्या काळाची अशी भरपेट उसनवारी केली, तरी त्याची स्वतःची ओळख पुसली गेली नाही. तेव्हा जुनं उकरून काढणं हा ओळख नसल्याचा पुरावा मानता येत नाही.

मग ओळख येते कुठून? मला वाटतं, निम्मी यंत्रांतून आणि निम्मी अरुंद दारांतून.

ऐंशीच्या दशकाचा आवाज घ्या. त्या काळातल्या ड्रमचा ठोका लगेच ओळखू येतो: एक धडाका, त्यामागे मोठ्या खोलीतला घुमारा फुगतो आणि विझायच्या आत सुरीने कापल्यासारखा तुटतो. हा आवाज कुणी ठरवून बनवलेला नाही. १९७९च्या सुमारास लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गॅब्रिएल या इंग्लिश गायकाच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. वादकांचं बोलणं ध्वनिमुद्रकाच्या खोलीत ऐकू यावं म्हणून एक माईक लावलेला होता. हळू आवाज उचलायचा आणि मोठा दाबायचा, एवढंच त्याचं काम. वादक-गायक फिल कॉलिन्स ड्रम वाजवत असताना तो माईक चालू राहिला आणि ध्वनिमुद्रक ह्यू पॅजमच्या कानावर हा राक्षसी आवाज पडला. १९८१च्या जानेवारीत कॉलिन्सच्या स्वतःच्या गाण्यातून तो घरोघरी गेला, आणि पुढची काही वर्षं ज्याला त्याला तसाच ड्रम हवा होता.

त्यात १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स७ हा सिंथेसायझर बाजारात आला. त्यावर स्वतःचा आवाज घडवणं इतकं किचकट होतं की बहुतेक जण कारखान्यातून भरून आलेल्या तयार आवाजांवरच भागवत. त्यातला अकरावा, काचेसारखा किणकिणणारा इलेक्ट्रिक पियानो, त्या दशकातल्या असंख्य संथ प्रेमगीतांत ऐकू येतो. दशकाची ‘शैली’ म्हणून आपण जे ओळखतो, त्याचा बराचसा भाग हा असा आहे: सगळ्यांच्या हातात एकच यंत्र, आणि त्यात तेच ते आवाज.

दुसरी गोष्ट दारांची. बिलबोर्ड या अमेरिकन संगीत-नियतकालिकाची पहिल्या शंभर गाण्यांची यादी ऑगस्ट १९५८ पासून निघते. गाण्यांच्या चित्रफिती दाखवणारी एमटीव्ही वाहिनी १ ऑगस्ट १९८१ला सुरू झाली. मोजकी रेडिओ केंद्रं, मोजक्या वाहिन्या. जे लोकांपर्यंत जायचं ते याच दारातून, त्यामुळे आवडो न आवडो, सगळ्यांनी तेच पाहिलेलं असायचं. (ती यादीही दुकानदारांना फोन करून त्यांच्या सांगण्यावर बनायची. १९९१ मध्ये प्रत्यक्ष विक्रीची नोंद बारकोडवरून घेणं सुरू झालं, तेव्हा कंट्री आणि हिपहॉप किती खपतं ते कळलं. काळाचं चित्र काढणाऱ्याचा हातही कधी निर्दोष नव्हता.) ही दारं किती रुंदावली हे टीव्हीच्या आकड्यांत दिसतं. ‘मॅश’ मालिकेचा शेवटचा भाग २८ फेब्रुवारी १९८३ रोजी अमेरिकेत सुमारे १० कोटी ६० लाख लोकांनी पाहिला. २००४ मध्ये ‘फ्रेंड्स’चा शेवट सव्वापाच कोटींच्या आसपास. २०१९ मध्ये ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटाची जगभर चर्चा झाली, पण अमेरिकेत त्या रात्री तो पाहणारे होते १ कोटी ९३ लाख.

मधल्या काळात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. १९९९ मध्ये इंटरनेटवर गाण्यांची फुकट देवघेव करणारं नॅपस्टर, २००१ मध्ये आयपॉड, २००५ मध्ये यूट्यूब, २००७ मध्ये नेटफ्लिक्सचं स्ट्रीमिंग, २००८ मध्ये स्पॉटिफाय. जुनं आणि नवं एकाच फळीवर, एकाच अंतरावर येऊन बसलं. त्यामुळे १९९४ची एक नाताळची धून, मरायाह कॅरीची, २०१९च्या डिसेंबरात पहिल्यांदा अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचते. केट बुशचं १९८५चं गाणं एका मालिकेत वाजतं आणि २०२२च्या जूनमध्ये ब्रिटनमध्ये अव्वल ठरतं. या गाण्यांना कुठल्या दशकात टाकायचं?

नेमक्या याच वळणावर आरोपपत्रं लिहिली गेली. २०११ मध्ये सायमन रेनॉल्ड्स या समीक्षकाने म्हटलं की पॉपला स्वतःच्याच भूतकाळाचं व्यसन लागलं आहे. २०१२च्या सुरुवातीला कर्ट अँडरसन या अमेरिकन लेखकाने कपडे, गाड्या आणि केसांकडे बोट दाखवलं. आधीच्या कुठल्याही वीस वर्षांत रस्त्यावरचा माणूस ओळखू न येण्याइतका बदलायचा, पण १९९२ आणि २०१२ची माणसं एकमेकांत सहज मिसळून जातील, असा त्याचा मुद्दा. मार्क फिशर या ब्रिटिश समीक्षकाने २०१४ मध्ये प्रयोग सुचवला: अलीकडचं एखादं गाणं १९९५ सालच्या रेडिओवर नेऊन वाजवा. कुणी दचकेल का?

तिघांतला हा प्रश्न मला सगळ्यात धारदार वाटतो, आणि त्याचं उत्तर फिशरच्या विरोधात जातं. दचकतील. गायकाचा सूर आपोआप दुरुस्त करणारं ऑटोट्यून हे सॉफ्टवेअर १९९७ मध्ये आलं. अँडी हिल्डेब्रँड या त्याच्या जनकाने आधी तेल शोधण्यासाठी भूगर्भातल्या लहरींच्या विश्लेषणाचं काम केलं होतं आणि तेच गणित त्याने सुराला लावलं. १९९५च्या श्रोत्याने तो धातूसारखा घरंगळणारा, पुटपुटता गळा ऐकलेलाच नव्हता. त्याखाली ट्रॅप या हिपहॉपच्या प्रकाराचा ठेका: हाय-हॅटच्या (ड्रमच्या झांजांच्या) टिकटिकी मध्येच तिप्पट-चौपट वेगाने झरझरतात आणि ड्रमचा खालचा ठोका ताणून ताणून चालीसारखा वाजतो. तो ठोका रोलँड कंपनीच्या टीआर-८०८ या ड्रम मशीनचा. १९८०चं हे यंत्र तेव्हा फारसं चाललं नाही आणि १९८३ मध्ये बंदही झालं. साहित्य जुनं, पण त्याचं जे केलं ते २०१०च्या दशकाचंच.

आणखी एक खूण २०१६ मध्ये पॅट्रिक मेट्झगर या संगीतकाराने दाखवली. पंचम आणि गंधार आलटून पालटून ‘वा-ओ-वा-ओ’ असा हेल त्या काळातल्या एकापाठोपाठ एक हिट गाण्यांत येतो. तोवर लाखो लोकांनी तो गुणगुणला होता, पण तो एका काळाचा शिक्का आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. गाण्यांची बांधणीही बदलली. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकलं की एक प्ले मोजला जातो, त्यामुळे सुरुवातीला लांबलचक सुरावट वाजवत बसणं परवडेना. २०१९ मध्ये एकोणीस आठवडे अव्वल राहिलेलं ‘ओल्ड टाउन रोड’ मूळ रूपात दोन मिनिटांचंही नाही. अँडरसनने माणसांचे कपडे पाहिले. बदल तोवर त्यांच्या खिशातल्या पडद्यावर गेला होता.

तो पडदाच पाहा. साधारण २००४ ते २०१३ या काळातल्या संगणकांवर आणि फोनवर सगळं चकचकीत होतं. काचेची बटणं आणि त्यांच्या वरच्या अर्ध्या भागावर पांढरी तिरीप, पाण्याचे थेंब, बुडबुडे, हिरवंगार गवत, निळं आकाश. आयफोनमधली टिपणवही पिवळ्या रेघांच्या कागदाची होती, वरून फाडलेल्या पानांच्या चिंध्याही दिसायच्या. सप्टेंबर २०१३ मध्ये आयओएस ७ आलं आणि ही सगळी सजावट एका रात्रीत गेली. सपाट रंग आणि बारीक अक्षरं आली. जे गेलं त्याला तेव्हा नावही नव्हतं. ‘फ्रुटिगर एरो’ हे नाव २०१७च्या सुमारास पडलं, आणि ते लोकप्रिय झालं ते त्याहून पुढे, ज्यांनी तो काळ लहानपणी पाहिला त्या मुलांमुळे. दशकांच्या हिशेबात हा काळ कुठेच बसत नाही, मधोमध चिरला जातो. २०१०चं दशक एकसंध का दिसत नाही, याचं अर्धं कारण इथे आहे. ते एक दशक नव्हतंच, दोन काळांची शिवण होती.

उरलेलं अर्धं कारण निव्वळ वयाचं. ब्रिटिश वेशभूषा-इतिहासकार जेम्स लेव्हरने १९३७ मध्ये फॅशनचं एक वेळापत्रक मांडलं होतं. लोकांनी स्वीकारलेला कपडा वर्षभरात गबाळा दिसू लागतो, दहा वर्षांनी भयाण, वीस वर्षांनी हास्यास्पद, तीस वर्षांनी गमतीदार, सत्तर वर्षांनी मोहक आणि दीडशे वर्षांनी सुंदर. स्किनी जीन्स सध्या या पट्ट्याच्या सगळ्यात वाईट भागातून जात आहे. आजचा काळ हे वेळापत्रक थोडं घाईने उरकतो एवढंच.

पण लेव्हरच्या हिशेबात एक गोष्ट गृहीत आहे: कपडा कुठल्यातरी पेटीत शिल्लक असेल. इथे मात्र नव्या काळाची अडचण खरी आहे. सहा सेकंदांच्या चित्रफितींचं व्हाइन २०१३ मध्ये सुरू झालं आणि २०१७च्या जानेवारीत बंद पडलं. डिस्नेची ‘विलो’ ही मालिका नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि मे २०२३ मध्ये त्यांनीच आपल्या सेवेवरून काढून टाकली. सगळ्यात मोठी हानी मायस्पेस या समाजमाध्यमाची: सर्व्हर बदलताना २००३ ते २०१५ या बारा वर्षांत लोकांनी चढवलेलं संगीत गेल्याचं मार्च २०१९ मध्ये उघड झालं. अंदाजे पाच कोटी गाणी होती ती. पुढच्याच महिन्यात इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने त्यातली सुमारे चार लाख नव्वद हजार गाणी खुली केली. २००८ ते २०१० दरम्यान एका संशोधक गटाने अभ्यासासाठी उतरवून घेतली म्हणून ती वाचली. त्या काळातल्या हौशी बँडचा आवाज कसा होता हे उद्या कुणाला शोधायचं असेल, तर मायस्पेसपुरता पुरावा एवढाच आहे, शंभरात एक, तोही दुसऱ्याच कामासाठी वेचलेला.