मराठवाड्यातल्या बायकांना सुई कुणी दिली?

‘विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या स्त्री-मासिकांनी आपल्या आज्यांना शिवण-टिपण शिकवलं’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. मराठवाड्यापुरतं तरी ते चूक आहे.

इथल्या बाईच्या हाताला सुई मासिकाच्या कितीतरी आधीपासून होती. जुनी लुगडी-धोतरं एकावर एक अंथरून धावदोऱ्याने शिवलेली वाकळ घरोघरी असायची. खणाची चोळी हातानेच बेतायची आणि शिवायची. तांड्यावरच्या बंजारा बायकांचं आरसे, कवड्या लावलेलं भरतकाम तर कुठल्याही छापील नमुन्याला भारी! हे सगळं आईकडून लेकीकडे गेलं, अक्षरओळख नसताना.

मुळात मासिक वाचणार कोण? १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता. सरकारी कारभार उर्दूत, १९१८ साली निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठी वाचता येणाऱ्या बायका फार थोड्या, त्याही बहुतेक शहरांतल्या.

मासिकांचं ऋण नाकारायचं नाही. क्रोशाची लेस, लोकरीचे स्वेटर, चौकटी मोजून भरायची नक्षी, मापं घेऊन कापड बेतणं, हे त्यांनी वाचक घरांत नेलं. पण त्यांना निव्वळ विणकामाची पुस्तकं समजणं हाही अन्यायच. १९३० साली निघालेल्या किर्लोस्करांच्या ‘स्त्री’त घरकामाच्या शेजारी स्त्रीशिक्षण आणि विवाहाचे प्रश्नही असत.

वाकळ शिवणाऱ्या हातांचं श्रेय छापखान्याला देताना मला खरंच वाईट वाटतं. घरात जुनी वाकळ असेल, तर ती कुणी शिवली ते आधी विचारून घ्या.