पार्श्वभूमी : अमेरिकेचे १७९८चे चार कायदे

भाषणस्वातंत्र्याची हमी देणारी दुरुस्ती अमेरिकेच्या राज्यघटनेत १७९१ साली आली. सातच वर्षांनी तिथे सरकारविरुद्ध लिहिल्याबद्दल खासदाराला तुरुंगात जावे लागले.

फ्रान्सशी युद्ध पेटेल अशी तेव्हा चिन्हे होती. त्या भीतीच्या लाटेत अध्यक्ष जॉन ॲडम्स यांच्या फेडरलिस्ट पक्षाने १७९८च्या जून-जुलैत चार कायदे मंजूर करून घेतले. नागरिकत्वासाठीची वास्तव्याची अट पाचवरून चौदा वर्षांवर गेली. धोकादायक वाटेल त्या परकीयाला खटल्याविना हद्दपार करण्याचा अधिकार अध्यक्षांना मिळाला. हा कायदा दोन वर्षांपुरता होता. तिसरा होता युद्धकाळात शत्रुराष्ट्राच्या नागरिकांना अटक किंवा हद्दपार करण्यासाठी. चौथा राजद्रोहाचा: सरकार, काँग्रेस (अमेरिकेची संसद) किंवा अध्यक्ष यांच्याविरुद्ध खोटे व बदनामीकारक लिहिले तर दोन हजार डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद.

निमित्त फ्रान्सचे, नेम मात्र घरच्या विरोधकांवर. नवे आयरिश स्थलांतरित बहुतांशी थॉमस जेफर्सन यांच्या विरोधी पक्षाकडे झुकत. राजद्रोहाच्या कायद्याने अध्यक्षांना संरक्षण दिले, उपाध्यक्षांना नाही. आणि उपाध्यक्ष होते खुद्द जेफर्सन! कायद्याची मुदतही ३ मार्च १८०१पर्यंतच, म्हणजे ॲडम्स यांची कारकीर्द संपेपर्यंत.

विधान खरे असल्याचे सिद्ध केले तर आरोपी सुटे, हे या कायद्याच्या बाजूने सांगितले जाई. इंग्लंडमध्ये तेवढीही सोय नव्हती, हे मान्य. पण अध्यक्षांना डामडौलाची हाव आहे, या मताला पुरावा कुठून आणणार? व्हर्मांटचे खासदार मॅथ्यू लायन यांनी हेच लिहिले होते. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या लायन यांना चार महिने कैद आणि हजार डॉलर दंड झाला. मतदारांनी त्यांना तुरुंगात असतानाच पुन्हा निवडून दिले. न्यूअर्कच्या ल्यूथर बाल्डविनने तर अध्यक्षांना दिलेल्या तोफांच्या सलामीवर दारूच्या नशेत अश्लील शेरा मारला होता. त्यालाही दंड भरावा लागला.

१८००च्या निवडणुकीत ॲडम्स हरले. नवे अध्यक्ष जेफर्सन यांनी शिक्षा झालेल्यांना माफी दिली, १८०२मध्ये वास्तव्याची अट पुन्हा पाच वर्षांवर आली आणि १८४०मध्ये लायन यांच्या वारसांना दंडाची रक्कम परत मिळाली.

शत्रुराष्ट्राच्या नागरिकांविषयीच्या कायद्याला मात्र मुदतच नव्हती. १८१२च्या युद्धात आणि दोन्ही महायुद्धांत तो वापरला गेला. मार्च २०२५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी त्याच्याच आधारे व्हेनेझुएलाच्या नागरिकांना टोळीचे सदस्य ठरवून एल साल्वादोरच्या तुरुंगात धाडले.