करंट येऊन राहिला, मग उजेड का नाही?

"भाऊ, करंट तर येऊन राहिला, मग लाइट का नाही देऊन राहिला?" जुन्या गाडीच्या हेडलाइटपुढे उकिडव्या बसलेल्या नागपुरी वायरमनच्या तोंडून हा प्रश्न हमखास ऐकू येतो. बल्बचा होल्डर काढून मीटर लावला तर साडेबारा व्होल्ट दिसतात. बल्ब कोरा करकरीत. तरी रात्री वर्धा रोडला गाडी काढली की समोर पिवळट, मलूल उजेड पडतो. मग बॅटरी बदलली जाते आणि शेवटी सगळं वायरिंग उपसायचं ठरतं. माझ्या मते यातला बराच खर्च टाळता येतो. मीटर लावायची वेळ तेवढी बदलायला हवी.

होल्डर सुटा असताना त्या वायरमधून विद्युतधारा जवळजवळ वाहतच नाही. साध्या डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध कोटी ओहमच्या घरात असतो, त्यामुळे तो जेमतेम एक मायक्रोअँपिअर धारा ओढतो. ओहमने १८२७ मध्ये मांडलेला नियम इथे जसाच्या तसा लागू होतो : व्होल्टेजची घट म्हणजे धारा गुणिले रोध. धाराच नगण्य असेल तर वाटेतला सांधा कितीही गंजलेला असला तरी घट शून्यच दिसणार. बल्ब पेटला की चित्र पालटतं. ५५ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून सुमारे ९ अँपिअर ओढतात. वाटेत फक्त ०.२ ओहमचा रोध असला तरी पावणेदोन व्होल्ट तिथेच खर्ची पडतात.

पावणेदोन व्होल्ट ऐकायला किरकोळ वाटतात, पण फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. व्होल्टेज १० टक्क्यांनी घटलं की उजेड ३० टक्क्यांनी घटतो. बॅटरीवर १२.४ आणि बल्बवर १०.३ व्होल्ट असतील तर निम्मा उजेड गेला म्हणून समजा. कारण टंगस्टनची तार थोडी जरी थंड पडली, तरी तिची ऊर्जा दिसणाऱ्या प्रकाशाऐवजी अवरक्त किरणांत जास्त जाते. उजेड पिवळा दिसतो तो यामुळेच.

आता एमजीबीसारखी जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या या गाडीत, १९७४ पर्यंतच्या मॉडेलांना सीटमागे ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. वीज तिथून निघते, गाडीची लांबी ओलांडून स्टार्टरच्या सोलेनॉइडपाशी (स्टार्टर चालू करणाऱ्या विद्युतचुंबकी स्विचपाशी) येते, तपकिरी वायरने डॅशबोर्डवरच्या स्विचला जाते, तिथून निळ्या वायरने डिपरला, म्हणजे अप्पर (लांबचा उजेड) आणि डिपर (जवळचा उजेड) बदलणाऱ्या स्विचला. या स्विचपासून अप्परसाठी निळी-पांढरी आणि डिपरसाठी निळी-लाल वायर पुढे निघते, आणि पुढच्या जाळीमागच्या बुलेट कनेक्टरांतून (वायरचं गोळीसारखं टोक नळीत खुपसून केलेल्या सांध्यांतून) बल्बला पोचते. परतीची वाट काळ्या वायरने बॉडीच्या पत्र्यात, यालाच अर्थ किंवा अर्थिंग म्हणतात. हेडलाइटची सगळी धारा स्विच आणि डिपरच्या इवल्याशा संपर्कबिंदूंतून जाते, रिले (थोड्या धारेने मोठी धारा चालू-बंद करणारा स्विच) नाही. मूळ गाडीत हेडलाइटला फ्यूजही नव्हता, म्हणून या वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची तार सोडायलाच हवी.

चाचणी मात्र बॅटरी जोडून, दिवे पेटते ठेवूनच करायची. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या अर्थ नसलेल्या टर्मिनलला आणि दुसरं पेटलेल्या बल्बच्या फीड पिनला (जिथून वीज बल्बात शिरते), होल्डरच्या मागून. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असे, म्हणून आधी ते बघून घ्या. मीटर जो आकडा दाखवेल तो त्या बाजूचा एकूण तोटा. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. दीड व्होल्ट आला तर दुसरं टोक एकेक सांधा मागे न्यायचं : बुलेटची पुढची बाजू, मागची बाजू, डिपर, स्विच. जिथे आकडा एकदम खाली येतो, त्याच सांध्यात दोष असतो. हात लावला तर तो गरमही लागेल, कारण १ व्होल्टची घट आणि ८ अँपिअर म्हणजे ८ वॅट उष्णता, तीही हरभऱ्याच्या दाण्याएवढ्या पितळेत. उष्णतेने ऑक्साइड वाढतं, त्याने रोध वाढतो, आणि रोधाने उष्णता.

आपल्याकडचं हवामान या चक्राला हातभारच लावतं. नवतपात ४५ अंशांच्या वर तापलेलं पितळ रात्री आकसतं, सांधा सैल होतो, आणि जूनमध्ये मान्सूनचा दमटपणा त्या फटीत शिरतो.

अर्थच्या बाजूची चाचणीही तशीच, पण तिथला बिघाड लांबून ओळखता येतो. डिपर लावल्यावर डावा दिवा लालसर, मिणमिणता आणि उजवा ठीक दिसत असेल, तर डॅशबोर्डवरचा निळा अप्परचा दिवा बघा. तोही मंद पेटत असेल तर डाव्या दिव्याचं अर्थिंग तुटलंय. धारेला पत्र्याकडे जायला वाट मिळत नाही, म्हणून ती त्याच बल्बच्या अप्पर फिलामेंटमधून उलटी शिरते, निळ्या-पांढऱ्या वायरने उजव्या दिव्याकडे जाते आणि त्याच्या अर्थमधून सुटका करून घेते. तीन फिलामेंट एका ओळीत आल्याने प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तृतीयांश व्होल्टेज. बॉनेट न उघडता इतकं कळतं, हे मला आजही विलक्षण वाटतं! उपाय सोपा : अर्थच्या वायरच्या थिंबलखालचा (टोकाच्या कडीखालचा) रंग आणि गंज खरवडून चकचकीत पत्रा उघडा करा, स्क्रू घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. सैल बुलेटच्या नळ्या बदलून टाकाव्यात, त्या स्वस्त असतात.

सिग्नलला इंजिन मंद असताना दिवे उतरतात आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला की चढतात, हा मात्र डायनॅमोच्या गाड्यांचा स्वभाव आहे. त्याच्यामागे लागू नये.

उजेड कमी म्हणून थेट १००/९० वॅटचे बल्ब टाकणारे पुष्कळ भेटतात. धारा ९ वरून १५ अँपिअरवर जाते, आणि सांध्यातली उष्णता धारेच्या वर्गाने वाढत असल्याने अडीच पटींच्या वर. पन्नास वर्षांचा स्विच ते सोसणार नाही. त्याऐवजी पुढे दोन रिले बसवावेत, एक अप्परचा आणि एक डिपरचा. मग जुना स्विच फक्त रिलेच्या कॉइलला लागणारा अँपिअरचा पाचवा-सहावा भाग वाहतो, आणि बल्बची धारा २.५ चौरस मिलिमीटरच्या नव्या वायरने थेट येते. रिलेनंतर डाव्या-उजव्या दिव्याला वेगवेगळे फ्यूज द्या, म्हणजे काटोल रोडच्या अंधारात एक उडाला तरी दुसरा दिवा चालू राहील.