बाटली बुडते, झाकण तरंगतं

पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा कापून बादलीत टाका. सोबत तिचं झाकणही टाका. तुकडा तळ गाठेल, झाकण तरंगत राहील. बाटली 'पेट' नावाच्या प्लास्टिकची, घनता पाण्याच्या सुमारे 1.38 पट. झाकण पॉलिइथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं, पाण्याहून हलकं. रिसायकलिंगच्या धंद्यात प्लास्टिकचा भुगा पाण्यात सोडून असाच वेगळा करतात.

वेगळा करावाच लागतो. पेट वितळायला 250 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवावं लागतं. त्यात पीव्हीसी, म्हणजे पाइपांचं प्लास्टिक, मिसळलं असेल, तर ते त्याआधीच करपून हायड्रोजन क्लोराइड सोडतं, पेटच्या लांब साखळ्या तुटतात, आणि माल पिवळट, ठिसूळ होतो. शिवाय पीव्हीसीही पाण्यात बुडतं, त्यामुळे बादलीची युक्ती तिथे चालत नाही.

डब्या-बाटल्यांच्या बुडाशी असलेल्या बाणांच्या त्रिकोणावर आपण उगाच फार विश्वास ठेवतो. 1988 साली अमेरिकेत ही खूण आली ती प्लास्टिकची जात सांगायला. त्यातला आकडा पुनर्वापराची हमी देत नाही. 6 आकड्याच्या पॉलिस्टायरिनचंच थर्माकोल बनतं, ते वितळतंही. पण त्यात बहुतेक हवाच! टेम्पो भरला तरी काट्यावर वजन किती भरणार? धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये, म्हणजे मुंबईच्या भंगार-रिसायकलिंगच्या वस्तीत, माल किलोवर चालतो.

वेफर्सच्या पाकिटाचं दुखणं निराळं. बाहेरून साधं दिसतं, पण आत प्लास्टिकचे थर आणि ॲल्युमिनियमचा पातळ मुलामा एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. भंगारवाला ते घेत नाही, आणि मला त्याचं बरोबर वाटतं.

दुधाची पिशवी मात्र उत्तम माल. एकाच जातीच्या, नरम पॉलिइथिलीनची. विसळून वाळवली की तिचा दाणा पडतो, म्हणजे वितळवून नव्या मालासाठी बारीक गोळ्या बनतात. फक्त कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा. सुटा तुकडा मोरीतून थेट गटारात जातो. गटारं तुंबली की काय होतं, हे 26 जुलै 2005 पाहिलेल्या मुंबईकराला सांगायला नको.

चायनीजचे काळे डबे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे वितळणारे. पण काळ्यातून काळाच दाणा निघतो, आणि तेलकट डब्याला कोण हात लावणार?

मोडकी प्लास्टिकची खुर्ची भंगारवाला हसत उचलतो. मेलामाइनची फुटकी ताटली दिली तर परत करतो. ती उकडलेल्या अंड्यासारखी आहे. एकदा घट्ट झाली की कितीही तापवा, पुन्हा पातळ होत नाही.