पितळी वाद्य शिकणाऱ्याने काय ऐकावे?

ट्रम्पेटची नळी सुमारे दीड मीटर लांब असते आणि तिच्या तीन झडपांपैकी एकही न दाबता विद्यार्थ्याला सा, प, वरचा सा, त्यावरचा ग आणि प असे निदान पाच स्वर काढता येतात. यांपैकी कोणता स्वर उमटणार हे बोटे ठरवत नाहीत. ते ठरते ओठांच्या ताणावर आणि श्वासाच्या जोरावर. पेटीवर पट्टी दाबली की ठरलेला स्वर येतोच, पण इथे स्वर आधी मनात ऐकू यावा लागतो, तरच ओठ त्याच्या तयारीत राहतात. म्हणूनच पितळी वाद्ये शिकणाऱ्याला नेमलेल्या रचनेचे ध्वनिमुद्रण ऐकणे हा मी तरी तंत्राचाच भाग मानतो.

याला प्रयोगांचाही आधार आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संगीताचे शिक्षण न घेतलेल्या माणसांना पियानोवरची एक छोटी धून शिकवली गेली. पुढे हात न हलवता ती नुसती ऐकतानाही त्यांच्या मेंदूतील हालचालींशी संबंधित भाग सक्रिय झालेले आढळले. न शिकलेल्या धुनेच्या वेळी तसा प्रतिसाद मिळाला नाही. त्याआधी, १९८४ साली, सुषिर, म्हणजे फुंकून वाजवायची, वाद्ये वाजवणाऱ्या वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात, नमुना वादन ऐकणाऱ्यांची कामगिरी केवळ सराव करणाऱ्यांपेक्षा अधिक अचूक ठरली होती.

प्रश्न उरतो तो कोणते ध्वनिमुद्रण ऐकावे याचा. हर्बर्ट क्लार्क यांच्यासारख्या कॉर्नेटवादकांच्या (कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखेच पितळी वाद्य) शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या आजही थक्क करतात, पण त्या करामत दाखवण्यासाठी होत्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला त्यांतून आपल्या पुढ्यातील पानाविषयी फारसे कळत नाही. त्याला हवी असते त्याचीच रचना, नेमक्या स्वरपट्टीत आणि झेपेल अशा लयीत, कसलेल्या वादकाने मनापासून वाजवलेली. सोप्या रचना नामवंतांकडून क्वचितच ध्वनिमुद्रित होतात, ही यातली खरी अडचण.

फ्रेंच संगीतकार सॅं-सॉंस यांनी १८७४ साली फ्रेंच हॉर्नसाठी लिहिलेला ‘रोमान्स’ घ्या. विद्यार्थी तो आवडीने वाजवतात. त्यात बोटांची कसरत फारशी नाही. कस लागतो तो लांब सांगीतिक वाक्यांचा. अशा रचनेत स्वरांच्या जोडीने वादक श्वास कुठे घेतो, श्वासासाठी आधीचा स्वर किती आखूड करतो आणि पुढचा किती अलगद उचलतो, हे लक्ष देऊन ऐकावे, कारण कागदावर यातले जवळजवळ काहीच लिहिलेले नसते. ध्वनिमुद्रणाचा वेग निम्मा करून सोबत वाजवण्याची सोय आता प्रत्येक फोनवर आहे, मात्र तिच्यात एक मेख आहे. आठ सेकंदांचे वाक्य सोळा सेकंदांचे होते, पण फुफ्फुसे तेवढीच राहतात. मंद सरावात श्वासाच्या जागा वेगळ्या ठेवाव्यात आणि मूळ जागा मूळ वेगातच पक्क्या कराव्यात.

ऐकण्याचे साधनही तपासावे. पितळी वाद्य जोरात वाजवले की नळीतील ध्वनिलहरींचा चढ तीव्र होत जातो आणि आवाज नुसता मोठा न होता अधिक झळाळतो. त्यामुळे फोनचा आवाज कमी केल्याने जोरकस वादन हळुवार होत नाही, कानाला ते लांबून आलेले जोरकस वादनच वाटते. ट्यूबा या खर्जातल्या मोठ्या पितळी वाद्याच्या विद्यार्थ्याची पंचाईत आणखी वेगळी. ट्यूबाचा खालचा, सुमारे ५८ हर्ट्झचा स्वर फोनच्या इवल्या स्पीकरातून जवळपास येतच नाही. वरच्या अंशस्वरांवरून, म्हणजे मूळ स्वरात मिसळलेल्या उंच स्वरांवरून, मेंदू तो ओळखतो, पण त्याचा भरीवपणा निसटतो. इथे चांगले हेडफोन हवेतच.

एकट्याने रियाझ करणाऱ्यासाठी केवळ साथ असलेली ध्वनिमुद्रणेही मिळतात. ‘म्युझिक मायनस वन’ या अमेरिकी कंपनीने हा धंदा १९५० साली सुरू केला. परीक्षेची तयारी करणाऱ्या मुंबई-गोव्याच्या मुलांनाही, पियानोवर साथ करणारे कोणी रोज हाताशी नसल्याने, अशा साथीचा मोठा आधार होऊ शकतो. साथ चुकत नाही आणि थांबतही नाही, त्यामुळे लय घट्ट होते. सुरांचे गणित मात्र अवघड असते. हवेचे तापमान एका अंशाने उतरले की पितळी वाद्याचा स्वर सुमारे ३ सेंटने उतरतो (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग). नळीतील हवा दहा अंशांनी थंड असेल तर फरक ३० सेंटचा, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा अर्धस्वराचा होतो. ध्वनिमुद्रित पियानो तर जुळवणीच्या ठरलेल्या ४४० हर्ट्झवर ठाम असतो. गार वाद्य तसेच जुळवू पाहणारा विद्यार्थी ओठ आवळून स्वर चढवतो आणि ती सवय पुढे जाता जात नाही. आधी काही मिनिटे वाजवून वाद्य उबदार करावे आणि मगच स्वर जुळवण्याची सरकनळी हलवावी.

एकाच वादकाचे वादन शंभरदा ऐकले की त्याच्या लकबीही अंगवळणी पडतात, म्हणून दोन-तीन निरनिराळ्या वादकांची ध्वनिमुद्रणे जवळ ठेवलेली बरी. शिवाय स्वतःचे वादनही ध्वनिमुद्रित करावे. उंच अंशस्वर वाद्याच्या कर्ण्यातून सरळ पुढे जातात आणि वादक नेमका कर्ण्याच्या मागे असतो. समोरच्याला ऐकू येणारा आवाज त्याला स्वतःला कधीच पूर्ण ऐकू येत नाही. ट्रम्पेट किंवा ट्रॉम्बोन वाजवताना फोन नोटेशनच्या स्टँडवर न ठेवता दोन-तीन मीटर पुढे, कर्ण्याच्या रेषेपासून जरा बाजूला ठेवावा. तिथे टिपलेले वादन नमुन्याच्या ध्वनिमुद्रणाशेजारी लावले, की तुलना सारख्या अंतरावरून होते.